हसणं विसरलेला कौल

मी देवाचा कौल घ्यायचा एक जुना जोड आहे. तुकडे दोन, पण मोजताना मला एकच धरा. बांबूच्या मुळातून कापलेला, चंद्रकोरीसारखा वाकडा, तळहातात मावेल एवढा. दोन्ही तुकड्यांना एक बाजू सपाट आणि दुसऱ्या बाजूला पोट. सुआब्वे गावात समुद्राच्या देवीचं, माझू आईचं देऊळ आहे. तिथं धूपदाणीच्या उजवीकडे माझी जागा. कोणाला आईला काही विचारायचं असलं की तो मला कपाळाला लावतो, प्रश्न सांगतो आणि जमिनीवर टाकतो.

मी पडतो. एवढंच माझं काम.

पण पडायच्या तऱ्हा तीन. एक तुकडा सपाट बाजू वर करून आणि दुसरा पोट वर करून पडला, तर आईचा होकार. दोघांचीही पोटं वर आली तर नकार. आणि दोघंही पोटावर पडलो तर आम्ही थांबतच नाही, होडीसारखे डुलत राहतो. तेव्हा गावातले लोक म्हणतात, आई हसली. म्हणजे प्रश्न चुकलाय, नाहीतर उत्तर तुला माहीत असून उगाच विचारतोयस. मोठी गोष्ट असेल तर ओळीने तीनदा होकार लागतो. मध्ये आई हसली तर पुन्हा पहिल्यापासून.

मित्रांनो, आई खरंच माझ्यातून बोलते का हे मला विचारू नका. मला माहीत नाही. मी फक्त पडतो. पण पडतो सरळ, कोणाची भीड न धरता. एकदा मला तसं पडता येईना झालं, त्याची ही गोष्ट.

मला आ-थोक नावाच्या म्हाताऱ्याने बनवलं. वादळात खाडीकाठचं बांबूचं बेट उपटून पडलं होतं, त्यातलं एक मूळ त्याने घरी आणलं. सावकाश सुकवलं, कापलं, घासलं. घासून झालं की टाकून बघायचा. एक तुकडा जरा जड वाटला की पुन्हा घासायचा. त्याची बायको वैतागून म्हणायची की पोरीच्या लग्नालासुद्धा तू एवढं पारखलं नव्हतंस. तो म्हणायचा, "हा एका अंगाला कलला ना, तर आईचं नाही बोलणार. ज्याने बनवला त्याचं बोलेल."

शेवटी त्याने मला पाण्याच्या घमेल्यात सोडलं. दोन्ही तुकडे तरंगले, सारखेच. मग तो हसला. ते घमेलं लक्षात ठेवा.

माझी कामाची वर्षं मजेची गेली. कोळी विचारायचे, आज होडी काढू का. पोरं परीक्षेचं विचारायची. ज्यांनी अभ्यास केलेला नसायचा त्यांना आई बहुतेक वेळा हसायची, निदान मला तरी तसं वाटायचं. आणि रोज सकाळी न चुकता यायची स्यू-ग्वे आमा. आमा म्हणजे आजी. देवळाशेजारच्या छपरात गावच्या बायका कालवं फोडायला बसतात, त्यांतली सगळ्यात म्हातारी. बोटं शिंपल्यांनी चिरलेली, तोंड त्याहून धारदार. कामाला बसायच्या आधी मला उचलायची आणि विचारायची, "आई, आज नेतेस का मला?"

कधी नकार यायचा. कधी एकदा होकार, दुसऱ्यांदा होकार, आणि तिसऱ्यांदा मी पोटावर डुलायचो. मग आमा मूर्तीकडे बघून म्हणायची, हस बाई, हस, तुला काय, तुझे गुडघे दुखत नाहीत. आणि सुरी घेऊन कामाला बसायची.

त्याच छपरात एक पोरगा वाढला. थो ख्येन-बिंग. गाव त्याला आ-बिंग म्हणतं. त्याची आई कालवं फोडायची, आणि ती आजारी असली की त्याला स्यू-ग्वे आमा जेवायला घालायची. मोठा झाला तो देखणा, बोलका, सगळ्यांच्या हाकेला धावणारा. एका पुरात देवळात पाणी शिरलं तेव्हा माझू आईची मूर्ती पाठीवर बांधून शाळेच्या वरच्या मजल्यावर नेणारा हाच. मीही त्याच्या खिशात होतो. मला त्याची धडधड ऐकू येत होती.

पुढं एका कंपनीने गावात पाय ठेवला. खाजणात भराव टाकून बोटींचा धक्का बांधायचा बेत होता. आता कालवं वाढतात ती त्या खाजणातल्या चिखलात रोवलेल्या बांबूंवर. भराव पडला की कालवं गेली, आणि कालवं गेली की ते छप्पर, त्या बायका, त्यांच्या घरच्या चुली, सगळंच गेलं. तेव्हाचा गावप्रमुख धक्क्याच्या बाजूचा होता. त्याच्याविरुद्ध आ-बिंग उभा राहिला.

ती निवडणूक बघण्यासारखी होती. बायकांनी त्याच्या गळ्यात मुळ्यांच्या माळा घातल्या. मुळा म्हटलं की आमच्या बोलीत शुभशकुनासारखं ऐकू येतं, म्हणून उमेदवाराला मुळे देतात. निवडणुकीची बंडी घालून, मुळे सांभाळत तो देवळात आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, मी निवडून आलो तर खाजणात एक पाटी माती पडू देणार नाही. माझी शपथ स्वीकारतेस का?"

त्याने मला टाकलं. होकार. पुन्हा होकार. तिसऱ्यांदा होकार. मी सरळच पडलो होतो, मित्रांनो. त्या दिवशी त्याच्या मनातही वाकडं काही नव्हतं, हे मी आजही सांगेन.

तो निवडून आला. धक्का बारगळला. त्याने गटारं बांधली, शाळेच्या रस्त्याला दिवे आणले. स्यू-ग्वे आमा त्याला मुद्दाम अंड्यातली कालवं करून घालायची आणि खाताना म्हणायची, हळू खा, गावप्रमुखाला ठसका लागला तर पेपरात येतं.

मग तालुक्याची माणसं त्याला भेटायला यायला लागली. चांगल्या गाड्या, चांगला चहा. एवढ्याशा गावात काय सडतोस, तालुकाप्रमुख हो, मग त्याच्या पुढचंही बघू, असं ते म्हणायचे. फक्त एक अडचण होती. त्यांना धक्का हवा होता.

आ-बिंग एका दिवसात बदलला नाही. कोणीच बदलत नाही. मी त्याचे शब्द ऐकत होतो ना देवळात बसून. आधी तो म्हणायचा, "आपलं खाजण". मग म्हणायला लागला, "ते खाजण". मग एके दिवशी पाहुण्यांना देऊळ दाखवताना म्हणाला, "किनाऱ्याचा तो पट्टा". मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याची बंडी बदलली, रंगही वेगळा, त्या तालुक्याच्या माणसांचा. आमाने विचारलं, बंडी बदललीस ते दिसलं, आतला सदरा तरी तोच आहे ना रे? तो नुसता हसला.

त्याच सुमारास त्याने देवळाला लाल प्लास्टिकचे नवे जोड भेट दिले, चकचकीत, टोपलीभर. मी जुना, काळवंडलेला. मला संपलेल्या मेणबत्त्यांबरोबर खणात टाकलं. झुरळं यायची. कधीतरी खण उघडायचा, उजेड यायचा, आणि कोणीतरी काडेपेटी घेऊन खण लावून टाकायचं. टाकून दिल्यावर कसं वाटतं ते तुमच्या जुन्या खेळण्यांना विचारा.

तालुक्याची निवडणूक आली. आ-बिंगने देवळासमोर मंडप घातला, गोल टेबलं मांडली, सगळ्या गावाला जेवण दिलं. सूप झालं, मासा झाला, आणि मग त्याने उभं राहून सांगितलं की काळ बदललाय, धक्का झाला तर पोरांना गावातच नोकऱ्या मिळतील, आणि कालवांचं काय, ती दुसरीकडे कुठंही वाढतात.

कोणी पेला उचलला नाही.

देवळाची दिवाबत्ती बघणारा खुन-पेक तोंड पुसत उभा राहिला. पेक म्हणजे मोठा काका. तसा कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "मासा झकास होता, आ-बिंग. पण शपथ तू आम्हाला दिली नव्हतीस, आईला दिली होतीस. सुटका तिच्याकडनं माग. तिच्या सणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर. आणि ते प्लास्टिक नको, ज्या जोडाने शपथेला होकार दिला त्यानेच."

सगळ्या मंडपाने माना डोलावल्या. आ-बिंगनेही डोलावली. त्याला डोलावावीच लागली.

दुसऱ्या दिवशी खण उघडला आणि मला बाहेर काढलं. खुद्द आ-बिंगने. म्हणाला, एवढा जुना जोड असा कसा ठेवलात, मी शहरातून लाख चढवून आणतो. खुन-पेकला बरं वाटलं. मलाही, खोटं कशाला बोलू.

शहरातल्या त्या दुकानात लाख चढवायच्या आधी गिरमिट आलं. एका तुकड्याच्या पोटात भोक पाडलं. दुसऱ्याच्या सपाट बाजूला. त्यात वितळलेलं शिसं ओतलं, वर भुसा आणि डिंक, आणि त्यावर लाल लाखेचे थरावर थर. बाहेरून मी इतका सुंदर कधीच दिसलो नव्हतो. आतून एक तुकडा कायम पोटावर पडणार, दुसरा कायम सपाट बाजूवर. म्हणजे कसंही टाका, होकारच.

सणाच्या काही दिवस आधी मी माझ्या जागेवर परत आलो. गावाने कौतुक केलं आणि सगळे विचारायला धावले. आणि मी सगळ्यांना हो म्हणायला लागलो.

परीक्षेत पास होईन का? हो, हो, हो. एका सुनेने विचारलं, वेगळं बिऱ्हाड करू का? हो. दुपारी तिच्या सासूने विचारलं, सून इथंच राहील ना? हो. संध्याकाळी त्या घरातून भांडी आपटल्याचा आवाज आला. देऊळ कधी नव्हे इतकं खूश होतं. लोक म्हणाले, नवी लाख आईला मानवली.

मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. हवेत असताना मी वळायचा प्रयत्न करायचो. शिसं मला ओढून खाली पाडायचं.

एके दिवशी आमाचा नातू आ-सेंग आला. बाहेर वारा फिरला होता, आकाश गढूळ. त्याने विचारलं, होडी काढू का आई? मी हो म्हणालो. पुन्हा हो. पुन्हा हो. तो गेला. समुद्राने त्याची होडी कालवांच्या बांबूंवर आणून फोडली. पोरगा वाचला, पण हात मोडून घरी आला.

दुसऱ्या सकाळी स्यू-ग्वे आमा माझ्यापुढं बसली. सुजलेले डोळे. तिने नेहमीचा प्रश्न विचारला. आज नेतेस का मला? तीनदा होकार. आमा घरी गेली, आंघोळ केली, शेवटच्या दिवसासाठी जपून ठेवलेले कपडे घातले, केस विंचरले आणि खाटेवर पडून राहिली. दुपारपर्यंत काही झालं नाही. मग तिला भूक लागली.

तिने रताळं घातलेली पेज केली, खाल्ली, पुन्हा पडली. संध्याकाळी कपडे बदलून छपरात आली तेव्हा बायकांनी विचारलं, दिवसभर कुठं होतीस? आमा म्हणाली, मरायला गेले होते, गाडी आली नाही.

सगळ्या हसल्या. आमा हसली नाही. पुढच्या दिवशी तिने परत विचारलं. तीनदा होकार. त्याच्या पुढच्या दिवशी परत. मग तिने मला जमिनीवरून उचललं आणि बराच वेळ हातात धरून ठेवलं. मूर्तीकडे बघत हळूच म्हणाली, "इतकी वर्षं हसायचीस. तुझं हसू कोणी नेलं गं?"

सणाचा दिवस. ढोल, फटाके, पालखी, अंगणात मावणार नाही एवढी गर्दी. तालुक्याची मोठी माणसं पुढच्या खुर्च्यांवर. आ-बिंग नवी बंडी घालून आईसमोर गुडघ्यांवर बसला. त्याची बोटं थंड होती. पुरातली त्याची बोटं मला आठवली, तेव्हाही थंड होती, पण तेव्हा त्यांची पकड वेगळी होती.

तो मोठ्याने म्हणाला, "आई, गावाच्या भल्यासाठी मला त्या शपथेतून मोकळं करतेस का?"

होकार. होकार. कोणीतरी जपमाळ ओढत होतं तेवढाच आवाज. तिसरा होकार.

खुर्च्यांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कालवांच्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यांचं सगळं त्या तीन पडण्यांत गेलं होतं, आणि आईनेच होकार दिल्यावर भांडायचं कोणाशी? एकीने एप्रनला हात पुसायला घेतले आणि पुसतच राहिली.

तेवढ्यात स्यू-ग्वे आमा पुढं आली. एक छोटासा प्रश्न माझाही विचारते म्हणाली. एवढ्या म्हातारीला कोण अडवणार. आ-बिंगने तिच्या हातात मला दिलं. द्यावंच लागलं.

"आई, आज नेतेस का मला?"

होकार. होकार. होकार. गर्दीत कुजबुज झाली. आमा वळून म्हणाली, घाबरू नका, रोज असंच म्हणते हल्ली. आणि पुन्हा मूर्तीकडे वळली.

"आई, आ-बिंगने निवडणुकीतून नाव मागं घ्यावं का?"

होकार. होकार. होकार.

आ-बिंगचा चेहरा पांढराफटक झाला. आमाने मला पुन्हा उचललं.

"बरं मग, आ-बिंगने नाव अजिबात मागं घेऊ नये का?"

होकार. होकार. होकार.

पहिल्यांदा कोण हसलं माहीत नाही. मागं कुठंतरी एक पोरगी फिसकन हसली आणि मग ते हसू अख्ख्या अंगणातून गेलं. हसू संपलं तेव्हा सगळ्यांना कळलेलं होतं.

आ-बिंग उठला. हा विरोधकांचा डाव आहे, म्हणाला. खुन-पेक छपरातून कालवं धुवायचं घमेलं घेऊन आला, पाण्याने भरलेलं. आमाने मला त्यात सोडलं.

मी बुडालो. दोन्ही तुकडे, दगडासारखे, थेट तळाला. बांबूचं मूळ तरंगतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पाण्यातून मला वरचे चेहरे हलताना दिसत होते, आणि मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

आमाचा आवाज मात्र पाण्यातूनही ऐकू आला. ती ओरडली नाही. "तू नुसता हरला असतास ना आ-बिंग, तरी रात्री मी तुला वाढलंच असतं. आम्हाला फसवलंस, तेही गिळलं असतं. पण ह्या आईच्या तोंडात शब्द घातलेस. माझा नातू त्या शब्दावर समुद्रात गेला."

आ-सेंग तिथंच उभा होता, हात गळ्यात बांधलेला. आ-बिंगने त्याच्याकडे एकदा बघितलं. मग बंडी काढली, घडी घालून पायरीवर ठेवली आणि गर्दीतून चालत गेला. लोकांनी वाट दिली. कोणी हात लावला नाही.

निवडणूक तो हरला आणि गाव सोडून गेला. ते गाडीवाले पुन्हा आले नाहीत, ते दुसऱ्या कोणाला तरी शोधायला गेले असतील. धक्का झाला नाही. खाजण तिथंच आहे, चिखलाचा वास मारणारं, आणि ओहोटीला बांबूंवर कालवं दिसतात.

मला खुन-पेकने दुरुस्त केलं. लाख खरवडली, शिसं काढलं, आणि त्याच खाडीकाठच्या बांबूच्या मुळाचे दोन तुकडे कापून भोकात बसवले. टाकून बघायचा, घासायचा, परत टाकायचा, आ-थोकसारखाच. घमेल्यात तरंगलो तेव्हा त्याने मला पुसून धूपदाणीच्या उजवीकडे ठेवलं. आता माझ्या अंगावर दोन डाग आहेत. मी ते झाकू देत नाही.

आणि ते शिसं? ते आ-सेंगच्या जाळ्याला लावलंय. जाळं तळाला नीट बसावं म्हणून शिसं लागतंच. तिथं त्याचं काम आहे. शिशाचा दोष नव्हता, मित्रांनो. मोठं व्हावंसं वाटण्यातही दोष नाही. जड वस्तू कुठं ठेवायची, एवढाच प्रश्न असतो.

बरीच वर्षं गेली. एका सकाळी, कालवं फोडायच्या वेळेला, देवळाच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. केस पांढरे व्हायला लागलेले, अंगात साधा सदरा. मी बोटं ओळखली.

आ-बिंगने मला उचललं आणि आतल्या आत पुटपुटला, "आई, मी परत येऊ का?"

मी पडलो. दोन्ही पोटांवर. डुलत राहिलो. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं, आणि मी परत डुललो.

छपरातून स्यू-ग्वे आमाचा आवाज आला. आता तिला नीट दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. "प्रश्न चुकलाय रे. येऊ का म्हणून काय विचारतोस, आलायस ना? सुरी घे आणि बस."

तो बसला. पहिल्याच शिंपल्याने त्याचं बोट कापलं. बायकांतली एक म्हणाली, तालुकाप्रमुखांना मलम आणा कोणीतरी. आ-बिंग मान खाली घालून हसला. पलीकडे आ-सेंग जाळं विणत होता. त्याने एक चिंधी फाडली आणि आ-बिंगकडे टाकली.

अजून तो तिथंच असतो. तालुक्याच्या कचेरीत काही अडलं की बायका त्यालाच पुढं घालतात, कारण बोलावं कसं हे त्याला येतं. बोलायच्या आधी मात्र तो छपरात बसलेल्या सगळ्यांना विचारून घेतो. त्यांतल्या कोणी नाही म्हणालं तर नाही.

तर माझं मागणं एवढंच आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना पुसा, जपा, उन्हात ठेवा. हवं तर रंगवाही. पण पोटात काही भरू नका. आणि पुढं मोठे झालात, तुमचा कौल मागायला कोणी दारात आला, आणि तो प्रत्येक गोष्टीला हो म्हणत असला, तर आमासारखा त्याला एक उलटा प्रश्न विचारा. तिथंही तो हो म्हणाला, तर घमेलं आणा.

चला, सकाळ झाली. आमा काठी टेकत येतेय. मला उचलून कपाळाला लावेल आणि तेच विचारेल, आज नेतेस का मला.

मी वर उडतो, हवेत मोकळा वळतो, आणि दोन्ही पोटांवर पडून डुलायला लागतो.